त्या एका रुपयाविषयी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या वाचकपत्रांच्या सदरात एका मराठी स्टँडअप कार्यक्रमावर टीका करणारं पत्र आलं आहे. पुण्यात झालेल्या त्या कार्यक्रमाची चाळीस सेकंदांची क्लिप पत्रलेखकांना व्हॉट्सअ‍ॅपवर आली. तिच्यात एक तरुण मुलगी जुन्या मित्रानं पाठवलेल्या एका रुपयावरून त्याची टर उडवते आणि सभागृह हसतं. एवढं पाहून त्यांनी लिहिलं आहे की आजच्या मुलींना प्रेम म्हणजे हिशेब वाटतो, उभं राहून बडबडण्याचा हा प्रकारच आपल्याकडचा नाही, आणि मोबाइल नि प्रेमभंग हा काय हसण्याचा विषय आहे का.

त्या संध्याकाळी मी त्या सभागृहात होते. तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. त्या चाळीस सेकंदांच्या आधी काय झालं आणि नंतर काय झालं, ते मी पाहिलं आहे. ते सांगितलं नाही तर त्या मुलीवर अन्याय होईल, म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, पण कृपा करून कापू नये. या प्रकरणात कापाकापी आधीच फार झाली आहे.

आधी माझ्याबद्दल दोन ओळी. मी ट्रंक ऑपरेटर होते, म्हणजे परगावचे फोन हातानं जोडून देणारी. १९७८ साली, एकविसाव्या वर्षी दूरसंचार खात्यात लागले आणि २०१७ साली निवृत्त झाले. पहिली पंधरा-सोळा वर्षं फोन जोडायच्या बोर्डावर गेली. एसटीडी, म्हणजे ऑपरेटरशिवाय थेट परगावी फोन लावायची सोय, सगळीकडे पोचल्यावर आधी १९७ वर चौकशी, मग १९८ वर तक्रारी आणि शेवटी बिलाचा काउंटर. एकोणचाळीस वर्षं मी माणसांना तारांनी जोडत होते, आणि तार जोडलेली असूनही माणसं तुटताना ऐकत होते. त्यामुळे माझी पुण्यातली भाची म्हणाली, "मावशी, मोबाइल आणि ब्रेकअपवर एक कार्यक्रम आहे, मराठीत, येतेस का?" तेव्हा मी लगेच हो म्हटलं.

दीडशेएक खुर्च्यांचं सभागृह. मागं काळा पडदा, एक स्टूल, पाण्याची बाटली, माइक. मुलगी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची असेल. तिचं नाव लिहीत नाही, गेले दहा दिवस ते नको तितकं फिरलं आहे. दिवसा ती एका कंपनीत काम करते. आपण एखादं खरेदीचं अ‍ॅप बरेच दिवस उघडलं नाही की फोनवर 'आम्हाला तुमची आठवण येते' असा संदेश येतो ना, तो लिहिणाऱ्या चमूत ती आहे. गिऱ्हाईक तीन दिवस फिरकलं नाही तर कोणता संदेश, सात दिवसांनी कोणता, महिन्यानं किती सवलत, हे सगळं तिथं ठरलेलं असतं. बदामाचं चित्र टाकून जास्त लोक परततात की न टाकता, हे निम्म्या लोकांना एक आणि निम्म्यांना दुसरा संदेश पाठवून तपासतात.

"तो गेला त्याला एकतीस दिवस झाले," ती म्हणाली. "कंपनीच्या नियमानं मी आता त्याला वीस टक्के सवलत द्यायला हवी होती." सगळे हसले, मीही हसले. मग म्हणाली, "रोज चाळीस लाख लोकांना मी लिहिते की तुमची आठवण येते. त्या चाळीस लाखांतला एक मला वगळायचा होता. तशी सोय आमच्याकडे नाही."

व्हॉट्सअ‍ॅपच्या निळ्या खुणा २०१४च्या नोव्हेंबरात आल्या तेव्हा ती अकरावीत होती. तोवर संदेश पोचला एवढंच कळायचं. वाचला की नाही याबद्दल माणूस स्वतःची समजूत काढू शकायचा. निळ्या खुणांनी ती समजूत काढून घेतली. पुढं २०१७ मध्ये पाठवलेला संदेश दोन्हीकडून पुसता येऊ लागला. त्यावर ती म्हणाली, "संदेश पुसता येतो. पण पुसल्याची खूण पुसता येत नाही. मग ती खूणच रात्रभर वाचत बसायची." या वाक्याला कुणी हसलं नाही. माझ्या शेजारच्या मुलानं हातातला मोबाइल उपडा करून मांडीवर ठेवला.

आता त्या रुपयाकडे येते.

दोघं चार वर्षं एकत्र होती. मोबाइलवरून पैसे पाठवताना खाली शेरा लिहायला जागा असते. ते सगळे शेरे तिनं मोबाइल हातात धरून तारखेवार वाचून दाखवले, आधी कसलीही प्रस्तावना न करता. 'वडापाव, हा माझ्याकडून.' 'तुझ्या आईची साडी, नंतर देते.' 'भाडं, अर्धं.' 'भाडं अर्धं, आणि उशीर झाला म्हणून एक गुलाब.' 'गॅस.' 'दवाखाना, आता बरी हो.' दुसऱ्या वर्षी शेरे लांब होते, तिसऱ्या वर्षी एकेका शब्दावर आले. 'दूध.' 'लाइट.' आणि चौथ्या वर्षाचे शेवटचे सहा महिने नुसते आकडे. बाराशे. चारशे ऐंशी. छप्पन्न. ती आकडे वाचत गेली आणि सभागृहातलं हसू हळूहळू विझत गेलं. एखादा संसार कसा आटत गेला, हे इतक्या थोडक्यात मांडलेलं मी कुठे ऐकलेलं नाही.

मग दोघं वेगळी झाली. तिनं त्याला फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर, इन्स्टाग्रामवर, सगळीकडे ब्लॉक केलं. आणि एका रात्री पावणेदोनला बँकेचा संदेश आला. एक रुपया जमा. शेरा: 'बोल ना.' बाकी सगळी दारं बंद होती, पैशाचं तेवढं उघडं राहिलं होतं.

इथून ती क्लिप सुरू होते. "एक रुपया! चार वर्षं, आणि मला बोलतं करायचा दर एक रुपया! बाबांच्या वेळी कोपऱ्यावरच्या डब्यात रुपयाचं नाणं टाकलं की फोन लागायचा, त्याला वाटलं मीही लागेन! मी परत दोन रुपये पाठवले. शेरा: 'सुट्टे नाहीत, बाकी ठेव.'" सभागृह हसतं. क्लिप संपते.

सभागृहात मात्र कार्यक्रम संपला नव्हता. हसू पूर्ण थांबेपर्यंत ती गप्प उभी राहिली. मग म्हणाली, "नाही पाठवले. दोन रुपये लिहिले, शेरा लिहिला, पिनचे तीन आकडे दाबले. चौथा दाबता आला नाही. कारण पिन त्याचीच जन्मतारीख होती." त्यानंतर ती जे बोलली ते मला जसंच्या तसं आठवतं, कारण माणसाचं बोलणं एकदा ऐकून नेमकं लक्षात ठेवणं हीच माझी नोकरी होती. ती म्हणाली, "तो रुपया अजून माझ्या खात्यात आहे. माझ्या पगारात मिसळलाय. त्यातला नेमका तो कुठला, हे बँकेलासुद्धा सांगता येणार नाही. म्हणून मी तेव्हापासून खातं कधी पूर्ण रिकामं केलेलं नाही. चुकून तोच खर्च व्हायचा."

पाचव्या-सहाव्या रांगेतून कुणाचा तरी हुंदका ऐकू आला. तिनं पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाली, "पिन मात्र बदलला. आता त्याच्या आईची जन्मतारीख आहे. त्यांच्याशी माझं काही भांडण नव्हतं." आणि सगळं सभागृह पुन्हा हसलं, या खेपेला डोळे पुसत.

पत्रलेखकांना माझी हात जोडून विनंती आहे, ज्या मुलीबद्दल तुम्ही 'प्रेम म्हणजे हिशेब' असं लिहिलंत ती ही मुलगी आहे. तुमचा दोष मी धरत नाही. तुमच्यापर्यंत तीन मिनिटांतले चाळीस सेकंदच पोचले. तो दोष कापणाऱ्याचा आहे.

हा प्रकार आपला नाही, या म्हणण्याबद्दल फार लिहीत नाही. एका माणसानं उभं राहून शेकडो माणसांना हसवत हसवत रडवायचं, हे आपल्या कीर्तनकारांनी देवळा-देवळांत केलं, भारूड सांगणाऱ्यांनी केलं, एकपात्री करणाऱ्यांनी केलं. मी सांगलीची आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं पहिलं मराठी नाटक उभं केलं. तेही तेव्हा नवंच होतं. विरहाचं म्हणाल, तर जात्यावर बसलेली बाई माहेरचा निरोप वाऱ्याला आणि कावळ्याला विचारत आली आहे. निरोप आणणारं साधन बदललं तसा त्याबद्दल बोलायचा शब्द बदलला. या मुलीनं तो आजच्या शब्दांत, स्वच्छ मराठीत मांडला. सव्वा तासात एक शिवी नव्हती. असती तरी मी हेच लिहिलं असतं, पण नव्हती, हे नोंदवते.

हसण्याचा विषय आहे का, याचं उत्तर द्यायला मला माझी एक गोष्ट सांगावी लागेल. ती मी कुणाला सांगितलेली नाही, घरातही नाही. १८८५च्या टेलिग्राफ कायद्याप्रमाणे ग्राहकाचा संदेश बाहेर फोडणं कर्मचाऱ्यासाठी गुन्हा होता आणि आम्ही ते मनापासून पाळायचो. म्हणून गावं, नावं, ओळख पटेल असं काहीही लिहीत नाही.

ट्रंक कॉलमध्ये 'पी.पी.' नावाचा प्रकार होता. नंबर लागून उपयोग नाही, ठरावीक माणूसच फोनवर यायला हवा, असा कॉल. शेजाऱ्यांच्या फोनलाही लोक 'पी.पी. नंबर' म्हणायचे, तो वेगळा. आमच्या पी.पी. कॉलमध्ये ऑपरेटर आधी त्या माणसाला बोलावून घ्यायची, 'आपणच का?' असं विचारून खात्री करायची, आणि मग बुकिंग करणाऱ्याला जोडून द्यायची. तोपर्यंत त्याला पलीकडचं काही ऐकू जायचं नाही.

१९८२च्या पावसाळ्यात एक मुलगा दर रविवारी सकाळी दुसऱ्या गावच्या मुलींच्या वसतिगृहाला पी.पी. कॉल बुक करायचा. कधी दोन तासांत लागायचा, कधी संध्याकाळ व्हायची. तो पोस्टाच्या बाकावर बसून राहायचा. तीन मिनिटं झाली की मला मध्ये बोलावं लागायचं, "थ्री मिनिट्स ओव्हर, वाढवायचे का?" तो नेहमी घाईघाईनं "एकदाच" म्हणायचा. त्याच्याकडे किती पैसे असतील हे मला त्याच्या आवाजावरून कळायचं.

एका रविवारी मुलगी फोनवर आली. मी विचारलं, "आपणच का?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "ताई, मी नाहीये म्हणून सांगा."

मी बोर्डावरची की, म्हणजे लाइन जोडायची कळ, फिरवली आणि त्याला सांगितलं, "पार्टी उपलब्ध नाही." कॉलची नोंद करायच्या तिकिटावरही तेच लिहिलं. ते खोटं होतं. नियमानं ते योग्य की अयोग्य, मला तेव्हा कळलं नाही, आजही सांगता येणार नाही. पुढचे चार रविवार त्यानं कॉल बुक केला. चारही वेळा ती आली, चारही वेळा तेच म्हणाली, आणि मी त्याला तेच सांगितलं. शेवटच्या खेपेला तिनं फोन ठेवण्याआधी विचारलं, "ताई, त्यांचा आवाज बरा होता ना?" मी म्हटलं, "हो, बरा होता." तेही खरं नव्हतं.

त्या दिवशी त्याला "पार्टी उपलब्ध नाही" म्हटल्यावर तो विचारू लागला, "पुढच्या रविवारी असेल का?" आम्हाला ठरलेल्या वाक्यांपलीकडे बोलायची मुभा नव्हती. पाठीमागं सुपरवायझर फिरत असायच्या. मी आवाज खाली आणून म्हटलं, "पुढच्या रविवारी बुक करू नका. पैसे जपून ठेवा." पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग तो म्हणाला, "बरं ताई." दोघंही मला ताई म्हणाले. त्यानं पुन्हा कधी कॉल बुक केला नाही.

माझ्या नोकरीतले हजारो कॉल मी विसरले. हे पाच रविवार विसरले नाही. त्या मुलाला नकार मिळाला, पण तो देताना एक माणूस मध्ये होतं. ते आपला आवाज सांभाळत होतं, थोडं खोटं बोलत होतं, पाच आठवडे त्याला वेळ मिळू देत होतं. तारवाल्याचंही तसंच होतं. मृत्यूची तार सगळ्यांच्या आधी पोचवायची असायची, पण कित्येक तारवाले ती घेऊन आधी शेजारच्या घरात जायचे आणि कुणाला तरी सोबत घेऊन मग त्या दाराशी जायचे. १५ जुलै २०१३पासून तार बंद झाली. त्याच्या किती तरी आधी आमचे बोर्ड बंद झाले होते. आता नकार येतो तो थेट त्या माणसाच्या तळहातावर, रात्री पावणेदोनला, तो एकटा असताना. मध्ये कुणी नसतं.

ती मुलगी स्टेजवर नेमकी त्या मधल्या जागी उभी आहे, असं मला त्या सव्वा तासात वाटत राहिलं. खोलीत एकट्यानं गिळलेलं ती दीडशे जणांसमोर मोठ्यानं म्हणते. शेजारच्याला हसू येतं तेव्हा आपल्याला कळतं की त्याच्याकडेही असा एक रुपया आहे. माझ्याकडे पाच रविवार होते. माझ्या भाचीकडे काय होतं मला ठाऊक नाही, पण घरी परतताना तिनं रिक्षात माझा हात सोडला नाही.

कार्यक्रमाच्या शेवटच्या भागात तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. १९६६ साली अमेरिकेतल्या एम.आय.टी.मध्ये जोसेफ वायझेनबॉम नावाच्या प्राध्यापकांनी एलायझा नावाचा प्रोग्रॅम लिहिला. आपण टाइप केलेलं वाक्य उलटून तो आपल्यालाच प्रश्न विचारायचा. 'मला वाईट वाटतं' म्हटलं तर 'वाईट का वाटतं?' असा. त्यात बाकी काही समज नव्हती. त्यांच्या सेक्रेटरीनं तो बनताना पाहिला होता. तरी त्याच्याशी बोलायला बसल्यावर थोड्याच वेळात तिनं प्राध्यापकांना खोलीबाहेर जायला सांगितलं. हे सांगून ती मुलगी म्हणाली, "मीही रात्री दोनला अशाच एका यंत्राशी बोलत होते. ते म्हणालं, मी समजू शकतो. मला माहीत होतं, ते समजू शकत नाही. तरी मी उठून दाराची कडी लावली."

ती कडी मला फार महत्त्वाची वाटते. मनातलं बोलायला माणसाला आडोसा लागतो. आमच्या बोर्डावर कॉल जोडून झाला की लाइनवर कान ठेवायचा नाही, ही शिस्त होती. नवीन मुलगी ऐकत बसली तर सुपरवायझर काही न बोलता तिची की बंद करायच्या. सभागृहालाही तशी कडी असते. तिथं बोललेलं, तिथं बसलेल्यांनी सगळं ऐकलेलं असतं; आधीचं आणि नंतरचंही. त्या विश्वासावर ती मुलगी आपला पिन नंबर कुणाच्या जन्मतारखेचा होता हे सांगू शकली.

माझ्या पुढच्या रांगेतल्या एकानं ते चित्रित केलं. मोबाइलचा उजेड मला दिसत होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला हवा होता. ठेवला नाही, कार्यक्रमात व्यत्यय नको म्हणून. तेवढी माझीही चूक आहे. कार्यक्रमाआधी मोबाइल बंद ठेवण्याची सूचना झाली होती. नाटकाला तिसऱ्या घंटेआधी होते तशीच. आयोजकांनी ती नुसती सांगून सोडू नये, मोबाइल खिशात जाईपर्यंत थांबावं. आणि ज्यांच्या मोबाइलमध्ये ती क्लिप आहे त्यांनी ती काढून टाकावी. पुढं पाठवली असेल त्यांनी हे पत्रही त्याच ग्रुपवर पाठवावं, म्हणजे त्या मुलीनं चौथा आकडा दाबला नव्हता हे त्याच लोकांना कळेल.

कार्यक्रम संपल्यावर मी तिला बाहेर गाठलं. मी ट्रंक ऑपरेटर होते म्हटल्यावर तिला ते काय, हे आधी समजावून सांगावं लागलं. तिनं सगळं उभ्या उभ्या ऐकून घेतलं. मग विचारलं, "काकू, इतक्या लोकांचं ऐकून घरी जाऊन तुम्ही कुणाला सांगायचात?" एकोणचाळीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "कुणालाच नाही."

माझी शेवटची विनंती आमच्या सांगलीतल्या नाट्यसंस्थांना आहे. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन असतो. त्या आठवड्यातली एक संध्याकाळ भावे नाट्यमंदिरात या मुलीला द्यावी. पुण्या-मुंबईची मुलं असे कार्यक्रम बघतात. इथल्या मुलांच्या हातातही तोच मोबाइल आहे. बोर्डावरच्या आम्ही सात जणी अजून सांगली-मिरजेत आहोत. दोघींना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, त्यांना मी रिक्षानं आणीन आणि पायऱ्यांवर हात देईन. आमची सात तिकिटं मी आत्ताच सांगून ठेवते. पैसे रोख देईन.

आपली,
एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर
विश्रामबाग, सांगली